गावातून वावर पाहण्यासाठी: बॅटरीवरच्या लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याचा हिशेब

विदर्भात घर गावठाणात आणि वावर शिवारात, अशीच मांडणी बहुतेक ठिकाणी असते. मधले अंतर पाचशे मीटरांपासून दोन-तीन किलोमीटरांपर्यंत काहीही असू शकते, आणि तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला किंवा संत्र्याचा बहार झाडावर टिकला की याच अंतराचा जाच सुरू होतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा करून जातो, रोही (नीलगायी) धुरा ओलांडून आत येतात, विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणारे वेगळेच, आणि मचाणावर बसून जागल करायला घरात माणूस उरलेला नसतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा, तारेशिवाय लांबवर चित्र पाठवणारा कॅमेरा हा उपाय अनेकांना सुचतो. शेतीपंपाचा वीजपुरवठा काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळीने येत असल्यामुळे त्या विजेवर कॅमेरा चोवीस तास विसंबू शकत नाही. म्हणून बॅटरी ही येथे हौस नसून गरज आहे.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘वायरलेस’, ‘सहा महिने बॅटरी’ आणि ‘एक किलोमीटर पल्ला’ असे छापलेले असते. हे सगळे खोटे असते असे नाही, परंतु ते मोकळ्या मैदानावर, नव्या बॅटरीवर आणि बेताच्या हवामानात मोजलेले असते. आपल्याकडे कॅमेऱ्याची खरी परीक्षा तीन महिने घेतात: मे, जुलै आणि ऑक्टोबर. मे महिन्याचे ऊन बॅटरीला जाचते, जुलैचे आभाळ सौर पॅनलला उपाशी ठेवते आणि ऑक्टोबरची वाढलेली तूर रेडिओलहरींच्या वाटेत उभी राहते. या तिन्हींचा हिशेब आधी मांडला, तर कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

प्रथम चित्र घरापर्यंत येते कसे, ते पाहू. एक मार्ग सिमकार्डाचा आहे. कॅमेऱ्यात ४जी सिम असते, चित्र मोबाइल टॉवरमार्फत इंटरनेटवर जाते आणि आपण ते फोनवर पाहतो. येथे वावर किती लांब आहे याला महत्त्व नसून वावरात नेटवर्क किती आहे याला महत्त्व असते. दुसरा मार्ग वाय-फायचा आहे, ज्यात घराच्या स्लॅबवर एक आणि वावरातल्या खांबावर एक असे दोन दिशादर्शी रेडिओ समोरासमोर लावून त्यांच्यामध्ये अदृश्य तार ओढल्यासारखी जोडणी केली जाते. या जोडणीला ब्रिज म्हणतात. तिसरा प्रकार ट्रेल कॅमेऱ्याचा, जो हालचाल झाली तरच जागा होतो, फोटो काढून कार्डावर साठवतो आणि पुन्हा झोपतो. ताडोबा, पेंच, मेळघाट येथे वाघांची गणना करताना झाडांना बांधलेले कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. ज्याला फक्त ‘रात्री कोणते जनावर कोणत्या बाजूने आत आले’ एवढेच जाणून घ्यायचे आहे, त्याने ट्रेल कॅमेराच घ्यावा असे माझे मत आहे. तो सर्वांत कमी वीज खातो आणि सर्वांत कमी रुसतो. मात्र घरी बसून त्या क्षणी वावर पाहायचे असेल, तर पहिल्या दोन मार्गांतून निवड करावी लागते.

सिमचा मार्ग सोपा वाटतो, पण त्याचा खर्च डेटात लपलेला असतो. साधारण फुल एचडी चित्र दर सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने जाते असे धरले, तर एका तासात सुमारे ९०० मेगाबाइट खर्च होतात, म्हणजे दिवसाला दीड जीबी देणारा पॅक पावणेदोन तासांच्या आतच संपतो. तेव्हा सिमचा कॅमेरा रात्रंदिवस पाहत बसण्यासाठी नसतो. हालचालीची सूचना आली की दोन मिनिटे डोकावण्यासाठी तो असतो. परदेशातून मागवलेल्या ४जी कॅमेऱ्यात आपल्याकडचे बँड, म्हणजे मोबाइल लहरींचे ठरावीक पट्टे, आहेत का, हेही पाहावे लागते. जिओचे ४जी मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वर चालते, आणि यांपैकी ज्या बँडवर तुमच्या शिवारातला टॉवर बोलतो तोच कॅमेऱ्यात नसेल तर फोनवर चांगले नेटवर्क दिसत असूनही कॅमेरा मुका राहतो.

आता वाय-फायच्या जोडणीकडे वळू, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, आणि २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टाही तसाच मोकळा झाला आहे. परदेशात ‘लांब पल्ल्याचे’ म्हणून विकले जाणारे काही कॅमेरे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे त्या टापूत मोबाइल सेवेच्या लहरी असल्याने ते येथे लावू नयेत. पल्ल्याचा मूळ नियम असा की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या लहरीची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून दोनशे मीटरवर ठणठणीत चालणारी जोडणी चारशेवर निम्मी नव्हे, तर पाव उरते.

यावर अनेकजण घरचा राउटर मोठ्या ताकदीचा घेतात, आणि फसतात. संभाषण दोन्ही बाजूंनी असते. तुम्ही गावाच्या वेशीवरून भोंग्यातून हाक मारलीत तर ती वावरातल्या माणसाला ऐकू जाईल. पण तो साध्या आवाजात उत्तर देणार, आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. कॅमेऱ्यातला लहानसा रेडिओ हा तो साध्या आवाजाचा माणूस आहे. याउलट दिशादर्शी अँटेना ही कानामागे धरलेल्या तळहातासारखी असते: त्या दिशेने बोललेले दूर जाते आणि त्या दिशेने आलेले क्षीण उत्तरही नीट ऐकू येते. म्हणून पैसे घालायचे तर राउटरच्या ताकदीत न घालता अँटेनात घालावेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. मे महिन्यात, शिवार उघडे-बोडके असताना, घराच्या स्लॅबवर जमिनीपासून चार मीटर उंचीवर एक रेडिओ आणि सहाशे मीटरवरच्या मोटारीच्या खोलीवर दोन मीटर उंचीवर दुसरा रेडिओ मी बसवला. चित्र इतके स्वच्छ आले की शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. जून-जुलैतही ठीक चालले. सप्टेंबरमध्ये चित्र अडखळू लागले आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, ते बंद पडले. रेडिओ बिघडला असे समजून मी तो बदलूनही पाहिला. दोष रेडिओचा नव्हता. मधल्या तीन वावरांत तूर पुरुषभर वाढली होती.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: स्लॅबवरून मोटारीची खोली डोळ्यांना दिसत असताना लहर का अडावी? कारण रेडिओलहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. ती दोन टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर अशा, चिरुटाच्या आकाराच्या पोकळीतून जाते. प्रकाशाच्या लहरींवर काम करणाऱ्या ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या पोकळीला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर सहाशे मीटर अंतर असेल तर मधोमध या पोकळीची त्रिज्या सुमारे सव्वाचार मीटर भरते, आणि जोडणी भरवशाची हवी असेल तर तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेखालचे सुमारे २.६ मीटर, रिकामा असावा लागतो. माझी टोके चार आणि दोन मीटरवर होती, म्हणजे मधली रेषा तीन मीटरवर. मे महिन्यात खाली काहीच नसल्याने तीन मीटर मोकळे मिळाले आणि काम भागले. ऑक्टोबरमध्ये दोन मीटर तूर उभी राहिल्यावर एकच मीटर उरला. पानांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषते, त्यामुळे ओल्या पावसाळी तुरीने अडथळा आणखी घट्ट केला. डोळ्यांना समोरचे टोक दिसणे पुरेसे का नाही, त्याचे उत्तर हे असे आहे.

उपाय साधा निघाला: घराकडचा रेडिओ सहा मीटरवर नेला, वावरात पाच मीटर उंचीचा लोखंडी पाइप उभा केला आणि रेडिओ त्याच्या टोकाला लावला; कॅमेरा मात्र खालीच ठेवून केबलने जोडला. आता मधली रेषा साडेपाच मीटरवर असून तुरीवर साडेतीन मीटर मोकळे राहतात. तुमचे अंतर एक किलोमीटर असेल तर मधली त्रिज्या साडेपाच मीटरांच्या पुढे जाते, आणि त्या मानाने दोन्ही टोके वर न्यावी लागतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कंबर-छातीपर्यंतच वाढत असल्याने ती फारशी आड येत नाही, आणि सोयाबीन तर मुळीच नाही. संत्र्याची बाग मध्ये असेल तर मात्र बागेतून लहर पार करण्याचा हट्ट सोडून तिच्यावरून किंवा बाजूने जाणारी रेषा शोधावी. सापडली नाही तर सिमचा मार्ग धरावा.

पाइप उभा करताना काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे वरवर पुरलेला खांब वर्षाच्या आत कलतो. साध्या कॅमेऱ्याला थोडा कल चालतो, पण अरुंद झोताच्या अँटेनाला चालत नाही: झोत दहा अंशांचा असेल आणि खांब सात-आठ अंश कलला तर तुमचा रेडिओ शेजारच्या गावाकडे पाहू लागतो. खड्डा तीन-चार फूट खोल घेऊन तळाशी मुरूम ठोकून बसवावा आणि मग काँक्रीट भरावे. शक्य असेल तिथे फार अरुंद झोताची अँटेना टाळावी. अंतर किलोमीटरच्या आत असेल तर तीसेक अंशांचा झोत पुरतो.

बॅटरीचा हिशेब वॅट-तासांत करावा, मिलिअँपिअर-तासांत नव्हे, कारण वेगवेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांचे मिलिअँपिअर-तास एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. लहान बॅटरी-कॅमेऱ्यात १०,००० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बॅटरी असते; गुणाकार केला की ३७ वॅट-तास. जागा असताना असा कॅमेरा सुमारे अडीच वॅट खातो असे धरले, तर सलग चालवल्यास तो पंधरा तासांत संपतो. मग सहा महिने कसे लिहितात? झोपेवर. झोपेत तो पंधरा मिलिवॅट खात असेल तर दिवसाचे ०.३६ वॅट-तास होतात, आणि वीस सेकंदांच्या दहा जागरणांना आणखी ०.१४, एकूण अर्धा वॅट-तास. या हिशेबाने बॅटरी अडीच महिने पुरेल. तोच कॅमेरा वाऱ्याने हलणाऱ्या गवताकडे किंवा शेळ्यांच्या वाटेकडे तोंड करून लावला आणि तो दिवसाला शंभरदा जागा झाला, तर रोजचा खर्च पावणेदोन वॅट-तासांवर जातो आणि बॅटरी तीन आठवड्यांत रिकामी होते. म्हणजे बॅटरीचे आयुष्य बॅटरीपेक्षा कॅमेऱ्याच्या तोंडाच्या दिशेवर अधिक ठरते.

ब्रिज लावला की हा लहान हिशेब कोलमडतो, कारण वावरातल्या रेडिओला झोप नसते. कॅमेरा ३ वॅट आणि रेडिओ ५ वॅट धरले तर २४ तासांचे १९२ वॅट-तास होतात. एवढ्यासाठी डब्यातली बॅटरी पुरत नाही, सौर पॅनल लागतेच. स्वच्छ दिवशी आपल्याकडे पूर्ण उन्हाचे सुमारे पाच तास हिशेबात धरता येतात. धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधली गळती वजा जाता सत्तर टक्के हाती येते, म्हणून ५५ वॅटचे पॅनल कसेबसे पुरेल. पण पॅनल एप्रिल पाहून निवडायचे नसते. श्रावणात झड लागली की दिवसाला दोन तासांचेही ऊन पदरी पडत नाही. १०० वॅटचे पॅनल दोन तासांच्या हिशेबाने १४० वॅट-तास देते आणि रोज सुमारे ५० ची तूट बॅटरीतून भरावी लागते. १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५१२ वॅट-तास. ती सलग दोन दिवसांचा पूर्ण काळोख आणि त्यापुढे थोडीफार तूटही सोसते. हे साहित्य महाग वाटत असेल तर टायमर लावून रेडिओ संध्याकाळी सात ते सकाळी सहा एवढाच चालू ठेवावा. रेडिओचा खर्च निम्म्याहून खाली येतो, आणि रानडुक्कर दुपारी बाराला सहसा येत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटच का, हे मे महिना सांगतो. चंद्रपूर, वर्धा, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेल्या काळ्या डब्यातले तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. साधी लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये अशी तिच्या बहुतेक निर्मात्यांची सूचना असते. तशी सतत केली तर ती फुगते आणि लवकर मरते. फॉस्फेटची बॅटरी उष्णता तुलनेने शांतपणे सोसते आणि तिची भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने हजारांत मोजली जातात. तरीही डबा पॅनलच्या मागे, उत्तरेकडच्या सावलीत, पांढरा रंगवून आणि खालून जाळीदार भोके ठेवून बसवावा. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार योग्य निवडला आहे ना, ते पाहावे. शिसे-आम्लाच्या सेटिंगवर ही बॅटरी नीट भरत नाही. भरताना तिचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला ती थेट न जोडता मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर घालावा. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे वीस अंश कलते ठेवले की आपल्या अक्षांशाला ते योग्य बसते.

कॅमेऱ्याला जागे करणारा पीआयआर सेन्सर प्रत्यक्षात हालचाल पाहत नाही. तो सभोवतालच्या तापमानापेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू समोरून सरकली की ओळखतो. त्यातून दोन गोष्टी निघतात. मे महिन्याच्या दुपारी जमीन आणि जनावर जवळजवळ सारख्याच तापमानाचे झाले की त्याला काहीच दिसत नाही, आणि थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारे जनावर आडवे जाणाऱ्यापेक्षा उशिरा कळते. म्हणून जनावरांची पायवाट चित्रात आडवी येईल असा कोन साधावा. या सेन्सरचा पल्लाही बहुतेक कॅमेऱ्यांत दहा-बारा मीटरच असतो. रेडिओ किलोमीटरभर जात असला तरी कॅमेऱ्याची जाग अंगणाएवढीच असते.

लांबचे दिसावे म्हणून रुंद लेन्स घेणे ही उलटी चाल आहे. ४ मिमी लेन्स साधारण ८० अंश पाहते, म्हणजे तीस मीटरवर तिच्यासमोर पन्नास मीटर रुंदीचा पट्टा येतो. फुल एचडी चित्राचे १९२० बिंदू त्यावर वाटले की मीटरमागे ३८ बिंदू पडतात. एवढ्यात ‘काहीतरी आहे’ इतकेच कळते. १२ मिमी लेन्स २५ अंशच पाहते, त्याच अंतरावर तेरा-साडेतेरा मीटरचा पट्टा येतो आणि मीटरमागे १४० हून अधिक बिंदू मिळतात. आता रोही की शेजाऱ्याची गाय, हे सांगता येते. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या मानकात अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला मीटरमागे २५० बिंदू धरले आहेत. तेव्हा चोराचा चेहरा हवा असेल तर सगळे वावर पाहण्याचा मोह सोडून मोटारीची खोली आणि पांदणीकडचा धुरा एवढ्यावरच लेन्स रोखावी.

रात्रीच्या अदृश्य दिव्यांतही निवड असते. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब जातात, पण जवळून अंधुक लाल ठिपके दिसतात. ९४० चे मुळीच दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. चोरासाठी ९४० आणि डुकरांसाठी ८५० असा ढोबळ विचार पुरेसा आहे. या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचे जाळे रात्री पांढरे पडद्यासारखे चमकून सारे चित्र झाकते; पंधरवड्यातून एकदा फडके मारण्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात वावरातला उंच लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रण ठरू शकते, म्हणून खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे, रेडिओच्या केबलवर विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा सर्ज अरेस्टर लावावा आणि गडगडाट सुरू असताना कोणीही खांबाला हात लावू नये. वानरे पॅनलवर बसतात आणि उंदीर केबल कुरतडतात. पहिल्यांसाठी पॅनलच्या कडेला टोकदार पट्टी न लावता वर आडवी सैल तार बांधावी, दुसऱ्यांसाठी केबल लोखंडी नळीतून न्यावी.

उरले कायद्याचे आणि शेजारधर्माचे. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षिततेची सरकारी चाचणी बंधनकारक आहे, म्हणून बिलाशिवायचा स्वस्त माल घेऊ नये. आणि घेतलेल्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वावराला लागून वनविभागाची हद्द असेल तर कॅमेरा आपल्याच धुऱ्यावर लावावा, जंगलातल्या झाडाला परवानगीशिवाय बांधू नये. शेजाऱ्याची विहीर किंवा बायामाणसांची ये-जा असलेली वाट चित्रात येत असेल तर कोन बदलावा, किंवा बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा तेवढा भाग काळा करण्याची सोय असते ती वापरावी. पिकाच्या नुकसानीबद्दल वनविभागाकडे अर्ज करताना तारीख-वेळ छापलेला फोटो हाताशी असलेला बरा, यासाठी कॅमेऱ्यातले घड्याळ बसवतानाच भारतीय वेळेवर लावून घ्यावे. माझ्या कॅमेऱ्यातली पहिल्या महिन्याची सगळी रानडुकरे भर दुपारी आल्याची नोंद आहे.